कारभारणीची उजवी बाजू

"सगळे डावे आहेत," सहारे मॅडम म्हणाल्या.

वनखात्याच्या ऑफिसातल्या त्यांच्या टेबलावर एकेचाळीस फोटो मांडलेले होते. शिक्के, पेपरवेट आणि चहाचा कप खिडकीत हलवून खानझोडेने ते पत्त्यांच्या डावासारखे पसरले होते, आणि शेवटचा फोटो ठेवल्यावर दोन पावलं मागे सरून हात कमरेवर ठेवले होते. त्याची पाच वर्षांची कमाई होती ती. प्रत्येक फोटोत तीच वाघीण, तेच तळं, तोच संध्याकाळचा विझत आलेला उजेड.

"डावे म्हणजे?" खानझोडेने विचारलं.

"डावा खांदा, डावं पोट, डावी मांडी." मॅडमनी ड्रॉवरमधून एकच फोटो काढला आणि त्या एकेचाळिसांच्या डोक्यावर ठेवला. "आणि हा आमचा. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने काढलेला. जनावर समोरून गेलं की तो आपोआप काढतो. ही उजवी बाजू. आता सांगा, जुळवू कशाशी?"

खानझोडेचे हात कमरेवरून खाली आले.

जंगलाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना अजून नोकऱ्या करायच्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि डिसेंबरात तिथे थंडी वाजते, एवढं पुरे. खानझोडे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होता आणि सुट्टीच्या दिवशी वाघांचे फोटो काढायचा. मी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहायचो आणि त्याची टिंगल करायला म्हणून बरोबर आलो होतो. हे त्याला माहीत होतं. त्याच्या मते माझं सदर कोणी वाचत नसल्यामुळे धोका नव्हता.

टिंगल करायला पहिल्याच दिवशी विषय मिळेना, कारण आम्ही पोचलो तेव्हा गावात गंभीर प्रकरण झालेलं होतं. आठवड्यापूर्वी वाघाने एक गाय मारली. दुसऱ्या दिवशी गायीचा मालक श्रावण पेंदाम तिला बघायला गेला, तर वाघ अजून जेवत होता. श्रावणच्या खांद्याला अठरा टाके पडले. गाव म्हणालं, तळ्यावरची वाघीण धरून न्या. वरून हुकूम आला, धरून न्या. भुलीचं इंजेक्शन मारणारी टीम आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता निघणार होती. वाघीण प्राणिसंग्रहालयात जाणार होती, आणि तिची चार महिन्यांची दोन पिल्लं कुठे जाणार होती ते हुकुमात लिहिलेलं नव्हतं.

"ती कारभारीण नाही, मॅडम," कौसल्याबाई म्हणाल्या.

कौसल्या पेंदाम. त्या गेटवरची पहिली बाई गाइड. खाकी शर्ट, खाकी साडी, खिशावर पितळी बिल्ला. तो बिल्ला त्या रोज राखेने घासत असाव्यात, कारण त्यात समोरच्याचं तोंड दिसायचं. वाघिणीचं कारभारीण हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ती तळ्याभोवती फिरताना काम नीट चाललंय की नाही ते बघत फिरते म्हणून. आणि श्रावण पेंदाम हा त्यांचा सख्खा दीर.

"पेंदाम," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घरचा माणूस दवाखान्यात आहे. आणि तुम्ही वाघिणीची बाजू घेता?"

"बाजू नाही घेत जी. गायीपाशी मी पाऊल पाह्यलं. हिच्याहून दोन बोटं मोठं होतं. दुसरंच कोणी आहे ते." मग जरा थांबून म्हणाल्या, "चुकीची नेली तं बरोबरचा गावातच राहीन ना. दीर सुट्टी होऊन येते परवा. मग दुसरा खांदा."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

"पावलाचा ठसा कोणी जपून ठेवलेला नाही. माझ्याकडे मेलेल्या गायीपाशी निघालेला हा फोटो आहे. हे बघा, खांद्यामागे दोन पट्टे खाली येऊन जुळलेत. चिमट्यासारखे. तुमच्या वाघिणीच्या उजव्या बाजूला असा चिमटा नसेल, तर ती ही नाही. असेल, तर ती हीच. आणि वाघाच्या दोन बाजूंचे पट्टे सारखे नसतात, खानझोडे साहेब, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"नको," खानझोडे म्हणाला. त्याचा आवाज फारच लहान झाला होता.

"पाच वर्षांत एकदाही उजवी नाही?"

उत्तर कौसल्याबाईंनी दिलं. तळ्याच्या एकाच अंगाला रस्ता. कारभारीण रोज साडेपाचच्या पुढे उजवीकडच्या बांबूतून निघते आणि डावीकडे पाण्याला जाते. जाताना रस्त्याकडे डावी कूस. परत फिरते तेव्हा सहा वाजून गेलेले असतात आणि गेट सहाला बंद. जाताना तिला अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं होतं. येताना कोणीच नाही. जगात जिचे सगळ्यात जास्त फोटो निघाले असतील अशा त्या वाघिणीला कागदोपत्री एकच बाजू होती.

"मग आज येताना काढतो," खानझोडे म्हणाला. "परवानगी द्या."

"सहानंतर थांबायला नागपूरचं पत्र लागतं. अर्ज करा, आठ दिवसांत येतं." मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते. "आणि बिनपरवानगीचं थांबायचं मनात आणू नका. गाइडचा बिल्ला हंगाम संपेपर्यंत जमा होतो. तो नियम मीच टाइप केलाय. उजवी बाजू मिळाली तर सकाळी सातच्या आत आणा. पट्टे मोजता आले पाहिजेत. आणि मूळ कार्ड हवं. कॉम्प्युटरवर धुतलेलं चालणार नाही."

बाहेर पडल्यावर खानझोडे मला म्हणाला, "दिग्या, लिही. ह्याच्यावर लिही. एकेचाळीस फोटो आणि एकपण कामाचा नाही."

"एकेचाळीसच का? घरी किती आहेत?"

"चारशे," तो म्हणाला, आणि जीपमध्ये जाऊन बसला.

*

जीप शब्बीरभाईची. वरून उघडी, मागे दोन बाकं. तीन वाजता आत शिरलो आणि साडेचारला तळ्यावर जाऊन उभे राहिलो. आमच्या आधी पाच गाड्या आल्या होत्या. गाड्यांतून लष्करी रंगाचे कपडे घातलेले लोक तोफेएवढ्या लेन्सा घेऊन बसले होते. मी मनातल्या मनात सदराचे दोन परिच्छेद लिहून टाकले.

खानझोडेने आपली पिशवी काढली. जंगलात कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं चालत नाही, म्हणून लेन्स पिशवीवर टेकवतात. बाकीच्यांच्या पिशव्या विकतच्या होत्या. खानझोडेची त्याच्या बायकोने जुन्या परकराची शिवून दिलेली होती, आणि आत चार किलो तुरीची डाळ होती.

"हे बघ," तो मला म्हणाला. "उजेड कमी झाला की कॅमेऱ्याची झडप सावकाश उघडझाप करते. भर दुपारी सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. इथे सहाला पंधरावा भाग लागेल. सहानंतर आठवा. तेवढ्या वेळात गाडी केसभर जरी हलली तरी वाघाचं घोंगडं होतं. तुझं वजन किती?"

"चौऱ्याण्णव."

"शब्बीरभाई, ह्याला मधोमध बसवा."

"साहेब, स्प्रिंगा जुन्या हाय," शब्बीरभाई म्हणाला. "ये साहेब ने छिंका भी, तो समोरचा बोनेट सलाम करते."

मला मधोमध बसवण्यात आलं. श्वास केव्हा घ्यायचा ते ठरवून देण्यात आलं. कौसल्याबाईंनी हात वर केला की सगळ्यांनी दम धरायचा, खाली आणला की सोडायचा. तीन वेळा तालीम झाली. तिसऱ्या तालमीला माझ्या पोटातून एक आवाज आला आणि शेजारच्या गाडीतल्या एका बाईंनी दुर्बिणीने बांबूकडे पाहिलं.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी वानर ओरडलं. खाकरा काढावा तसं, झाडाच्या शेंड्यावरून. मग चितळाची एकच शीळ. सगळ्या गाड्या एकदम गप्प झाल्या.

आणि बांबूतून कारभारीण आली.

मी वाघ प्राणिसंग्रहालयात पाहिला होता. ती पाहणी रद्द समजावी. बांबू हलला नाही, पान वाजलं नाही. आधी तिथे नव्हती आणि मग होती. एवढं मोठं जनावर आणि रुईच्या गादीवरून चालल्यासारखी चाल. माझे दोन्ही परिच्छेद डोक्यातून पुसले गेले.

सगळ्या लेन्सा कडकडल्या. एकटा खानझोडे शांत होता. कॅमेऱ्याला त्याने हातसुद्धा लावला नाही.

"काढ ना!" मी कुजबुजलो.

"डावी आहे," तो म्हणाला.

ती आमच्यासमोरून गेली, पाण्याशी पोचली, पुढचे पाय वाकवून प्यायला लागली. पावणेसहा झाले. गाड्या एकेक करून निघाल्या. जाताना एकाने आम्हाला अंगठा दाखवला, मिळालं ना भरपूर, अशा अर्थाने. शेवटची गाडी गेली आणि जंगल आमच्यावर बसलं.

शब्बीरभाईचा हात किल्लीवर होता. तो कौसल्याबाईंकडे बघत होता. खानझोडे बघत होता. मीही. पाच पन्नास. पाच बावन्न. इथून गेट आठ मिनिटांवर.

कौसल्याबाई वाघिणीकडे बघत होत्या. ती पाणी पिऊन झाल्यावर काठावर बसली होती आणि पंजा चाटत होती. घाई नव्हती तिला कसली.

"ताई?" शब्बीरभाई म्हणाला.

"किल्ली काढून घ्या, शब्बीरभाऊ."

"ताई, बिल्ला जाईल. सोच लो."

"सोचलं. श्रावण घरी आला का मले इचारीन, वहिनी, ह्या वाघिणीले तं नेलं, आता गुरं सोडू का? मी काय सांगू त्याले?"

शब्बीरभाईने किल्ली काढून खिशात घातली. सहा वाजले. मला घड्याळाचा आवाज ऐकू आला. माझ्या मनगटावरचं घड्याळ वाजत नाही, तरी.

*

उजेड जात होता म्हणजे कसा जात होता, ते खानझोडेच्या तोंडून कळत होतं. तो डोळा कॅमेऱ्याला लावून आकडे पुटपुटत होता, देवाचं नाव घ्यावं तसे. "विसावा... पंधरावा... पंधरावा... ऊठ ना बाई... दहावा..."

"फ्लॅश?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बोललो नाही.

सहा दहाला मला टपटप असं काहीतरी ऐकू आलं. पाऊस नव्हता. खाली वाकून पाहिलं तर जीपच्या पत्र्यावर तुरीची डाळ पडत होती. परकराची शिवण उसवली होती. डाळ गळत होती आणि लेन्स हळूहळू, नमस्कार करत असल्यासारखी, खाली चालली होती.

"खानझोड्या, डाळ!"

"काय?"

"डाळ गळतेय तुझी!"

"बोट घाल!"

मी बोट घातलं. उजव्या हाताची तर्जनी मुळापर्यंत. डाळ थांबली. लेन्स थांबली. मीही थांबलो, कारण आता माझा एक हात खानझोडेच्या काखेखालून पिशवीत होता, दुसरा समोरच्या बाकावर, आणि एक पाय हवेत. महाराष्ट्रातल्या एका साप्ताहिकाचा विनोदी लेखक वाघिणीच्या न्यायासाठी काय करू शकतो, तर हे.

सहा अठराला कारभारीण उठली. आळस दिला, वळली आणि परत निघाली.

उजवी बाजू!

खानझोडेच्या तोंडातून बारीकसा आवाज निघाला. खट्. खट्. "हलतेय. चालतेय ती. सगळं पुसट येतंय. आठवा भाग आहे. थांब ना माझे आई, एकदा थांब."

ती थांबायचं काही कारणच नव्हतं. बांबू वीस पावलांवर राहिला होता.

तेवढ्यात कौसल्याबाई आमच्याकडे तोंड करून वळल्या. आमच्याकडे नव्हे, आमच्या मागे.

"कोणी मांगं पाहू नका," त्या म्हणाल्या. आवाज इतका साधा होता की माझ्या पाठीचा कणा ताठ झाला. "पिल्लं रस्त्यावर आलीत. दोन्ही. गाडीच्या दहा हात मांगं."

म्हणजे पुढे आई, मागे पिल्लं, आणि मधे आम्ही.

"स्टार्ट?" शब्बीरभाईचे फक्त ओठ हलले.

"नाही. इंजन वाजलं का पिल्लं पळतीन, अन् ती इकडेच येईन. बसा. मी त्यांच्यावर लक्ष ठेवतो. तुमी तिच्यावर ठेवा." त्या बाकावर गुडघे टेकून पूर्ण उलट्या बसल्या, वाघिणीकडे पाठ करून. "सर, तुमी तुमचं काम करा."

आणि मग एका पिल्लाने हाक मारली. मांजराच्या पिल्लाने नळकांड्यातून ओरडावं तशी.

कारभारीण थांबली.

थांबली, मान वळवली आणि पाहिलं. आमच्याकडे नाही. आमच्यातून आरपार, मागे. पण वाटेत आम्ही होतो, त्यामुळे आधी आम्हाला लागलं. तिचं धड तसंच आडवं होतं, उजवी कूस पुरी रस्त्याकडे, दगडात कोरल्यासारखी. कान मात्र मागे गेले. शेपटीचं टोक एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

कौसल्याबाईंचा हात वर गेला.

मी दम धरला. शब्बीरभाईने धरला. खानझोडेचा खांदा माझ्या हनुवटीला टेकलेला होता, तो खांदा लाकूड झाला. माझं बोट डाळीत होतं आणि त्या बोटात माझं काळीज उडत होतं, आणि मी त्या बोटाला सांगत होतो, अरे बाबा, नको. आयुष्यात मी अनेक गोष्टी केल्या असतील, पण काहीच न करण्याचं एवढं कष्टाचं काम कधी केलेलं नाही.

खट्ट... क्.

त्या एका फोटोला किती वेळ लागला! झडप उघडली ती ऐकू आली, आणि मिटली ती वेगळी ऐकू आली.

खट्ट... क्. खट्ट... क्.

वाघिणीने नाकातून फुर्र केलं. त्याबरोबर आमच्या मागच्या चाकाशी काहीतरी सळसळलं, डाव्या बाजूने दोन पिवळे गोळे सुटले, जीपच्या बंपरला जवळजवळ घासून रस्ता ओलांडून गेले आणि तिच्या पोटाखाली शिरले. तिने एकाच्या डोक्यावरून जीभ फिरवली. मग तिघंही बांबूत गेली. बांबू हलला नाही.

कौसल्याबाईंचा हात खाली आला.

आम्ही चौघांनी एकदम श्वास सोडला आणि शब्बीरभाई म्हणतो तसं बोनेटने खरंच सलाम केला.

*

"चिमटा नाही!" परतताना खानझोडे कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यात डोकं घालून बसला होता आणि एकच वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हणत होता. "दिग्या, चिमटा नाही! हे बघ, तीन पट्टे, तिन्ही सुटे! एक, दोन, तीन! कौसल्याताई, चिमटा नाही हो! बघा!"

"मंग पाहीन जी," त्या पुढून म्हणाल्या. त्या रस्त्यावर गस्तीच्या गाडीचे दिवे दिसतात का ते बघत होत्या. "तुमी म्हनता नाही, तं नाही."

मी अकरा वेळा पाहिला. बाराव्यांदा पाहायला मागितला तेव्हा बॅटरी संपली.

गेटवर चौकीदार शेकोटीपाशी बसून भाकरी खात होता. आम्हाला बघून त्याला काही वाटलं नाही. त्याची वही साडेपाचलाच भरून तयार असायची. रोजच्या शेवटच्या सगळ्या गाड्यांपुढे त्याने सुंदर अक्षरात 'सहा' लिहून ठेवलेलं असे, म्हणजे स्वयंपाकात खंड पडायला नको. शब्बीरभाईच्या गाडीपुढेही 'सहा' होतं. कागदोपत्री आम्ही चाळीस मिनिटांपूर्वीच बाहेर पडलो होतो.

"सुटलो!" मी गेटबाहेर आल्यावर म्हणालो.

"नाही सुटलो," खानझोडे म्हणाला. त्याचा चेहरा एकदम उतरला होता. "फोटोत वेळ असते. प्रत्येक फोटोत कॅमेरा आपणहून नोंदवतो. सहा बावीस. मॅडमनी मूळ कार्ड मागितलंय. कॉम्प्युटरवर टाकलं की पहिल्यांदा तीच दिसणार."

शब्बीरभाईने गाडी बाजूला घेतली. सगळ्यांनी कौसल्याबाईंच्या खिशावरच्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"वेळ बदलता येत नाही का?" मी विचारलं.

"येते," खानझोडे सावकाश म्हणाला. "लॉजवर माझा लॅपटॉप आहे. पाच मिनिटांचं काम. सहा बावीसचं पाच बावन्न करायचं. कार्डावर परत टाकायचं. वहीत सहा आहेच. कोणाला कळणार नाही."

"मग झालं तर!" मला भलताच हुरूप आला. "ताई, तुमचा बिल्ला वाचला, कारभारीण वाचली. आणि खोटं असं किती? अर्ध्या तासाचं!"

कौसल्याबाईंनी बिल्ल्यावर एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "नाही जी."

"का?"

"मॅडम पट्टे मोजतीन ते ह्या फोटोवर भरवसा ठेवून ना? अन् त्याच फोटोतली वेळ आपन खोटी कराची? उद्या कोणी उकरलं तं म्हनन, वेळ बदलली त्याईनं, मंग पट्टे काहून बदलले नसन? झालं. फोटो गेला. पुन्हा हिलेच नेतीन, अन् तो चिमटेवाला फिरते गावात मोकळा."

"पण ताई, हंगाम जाईल. जूनपर्यंत बसावं लागेल घरी. गावातले हसतील. बाईला बिल्ला दिला म्हणून आधीच..."

"मले मालूम आहे कोण कोण हासते ते. तुमाले नावं सांगू का?" आणि खानझोडेकडे वळून, "सर, आहे तसंच द्या. हात नका लावू त्याले."

मी तीस वर्षं लोकांना टोले लगावून पोट भरत होतो. परतटोला माझ्याकडे नेहमी तयार असायचा. त्या संध्याकाळी मी माझं डाळीचं बोट रुमालाला पुसत बसलो.

*

सकाळी सव्वासहाला सहारे मॅडम शाल पांघरून ऑफिसात आल्या. अंगणात भुलीच्या टीमची गाडी उभी होती, पिंजरा चढवलेला होता. कॉम्प्युटर सुरू व्हायला नऊ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात खानझोडेने शर्टाची दोन बटणं लावली आणि सोडली, चार वेळा.

पडदा मॅडमच्या बाजूला होता. आम्हाला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो वाचण्यासारखा नव्हता. त्यांनी आपला फोटो पडद्याशेजारी धरला. पेन्सिलीने हवेत काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"ही ती नाही," त्या म्हणाल्या.

खानझोडेने शब्बीरभाईला मिठी मारली. मी खानझोडेला मारली. चौऱ्याण्णव किलो एकदम आल्याने तिघंही फायलींच्या कपाटावर आदळलो.

मॅडमनी फोन उचलला. "पिंजरा उतरवा. नाही, आज नाही. जनावर दुसरं आहे. गावाभोवती कॅमेरे वाढवा." फोन ठेवला. मग कॉम्प्युटरच्या उंदराचं एक बटण दाबलं आणि पडद्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"सहा बावीस," त्या म्हणाल्या.

कपाटापाशी मिठी सुटली.

"गेटच्या वहीत सहा आहे. मी येताना पाहिली."

कौसल्याबाई पुढे झाल्या. बिल्ला त्यांनी आधीच काढून पदरात धरला होता. तो त्यांनी टेबलाच्या काचेवर ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.

मॅडमनी दोन कागद ओढले. पहिल्यावर वाघिणीला धरण्याचा हुकूम थांबवावा असं लिहून सही केली. दुसऱ्यावर कौसल्या पेंदाम, गाइड, जूनअखेरपर्यंत निलंबित, असं लिहून सही केली. तीच सही, तेच पेन, दोन्हींना सारखाच वेळ. मग तिसरा कागद घेऊन आम्हा दोघांना दोन वर्षं प्रवेशबंदी केली, शब्बीरभाईच्या गाडीला दोन महिने.

"हरकत नाही, मॅडम," शब्बीरभाई म्हणाला. "क्लच टाकायचाच होता."

"पेंदाम," मॅडम बिल्ला उचलत म्हणाल्या, "एक जुलैला सकाळी येऊन घेऊन जा. पावसाळ्यात गेट बंद असतं, तरी या."

चिमटेवाला अकराव्या दिवशी सापडला. दोन वर्षांचा, नुकताच आईपासून सुटलेला नर, कुठून तरी लांबून आलेला. शेजारच्या गावाच्या गोठ्याशी उभा होता. त्याला धरलं आणि पिंजऱ्यात घालून कुठल्या कुठे नेलं. तोवर श्रावणच्या गायी घरीच बांधलेल्या होत्या. वहिनीने सोडू दिल्या नव्हत्या.

पण ते नंतरचं. त्या सकाळी आम्ही चौघं ऑफिसच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिलो. समोर चार माणसं पिंजरा उतरवत होती. कौसल्याबाईंच्या खाकी शर्टावर बिल्ल्याच्या जागी दोन भोकं होती.

"सर," त्या खानझोडेला म्हणाल्या, "बॅटरी भरली का?"

"भरली ना. का?"

"मले दाखवा ना एकदा. उजवी बाजू. मी तं पाह्यलीच नाही. मी मांगं पिल्लाईकडे पाहत होती."

खानझोडेने कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं, फोटो लावला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, पदराने ऊन अडवलं आणि त्या बघत राहिल्या. इतका वेळ की पडदा आपोआप विझला. खानझोडेने बटण दाबून दिलं. त्या बघत राहिल्या. पुन्हा विझला. पुन्हा त्याने दाबून दिलं.

तिसऱ्यांदा विझला तेव्हा त्यांनी बटण स्वतःच दाबलं.